ओझार्कच्या रानांतील नेम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसुरी हें मध्यभागीं असलेलें एक संस्थान आहे. त्याच्या दक्षिण भागांत ओझार्क नांवाचा डोंगराळ मुलूख पसरला आहे. डोंगर म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सह्याद्रीचे कडे उभे राहतात. तसें येथें कांहीं नाहीं. हा प्रदेश फार पुरातन, आणि ऊन-पावसानें झिजून झिजून त्याचे माथे गोल झाले आहेत. खालीं चुनखडीच्या जातीचा खडक. तो पाण्यानें आंतून पोखरलेला असल्यामुळें जागोजाग गुहा आहेत व जमिनीखालून वाहणारे प्रवाह मध्येंच झऱ्यांच्या रूपानें उसळून वर येतात. व्हॅन ब्यूरेन गांवाजवळचा ‘बिग स्प्रिंग’ हा झरा मीं पाहिला. निळसर हिरवें पाणी कड्याच्या पायथ्यांतून असें लोटत येतें कीं, त्यास झरा म्हणण्यापेक्षां नदी म्हणणेंच योग्य. एप्रिलच्या मध्यास या रानांतील ओक व हिकरी हे वृक्ष पालवी फुटण्याच्या बेतांत असतात, आणि त्यांच्या उघड्या फांद्यांखालीं डॉगवुडचीं पांढरीं व रेडबडचीं गुलाबी-जांभळीं फुलें एकाएकीं दिसूं लागतात. रेडबड हा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या आपल्या कांचनाचा भाऊबंद आहे, हें कळल्यावर मला त्या रानांत थोडें घरच्यासारखें वाटूं लागलें.

माझी कन्या व जांवई याच मुलखांतील रोला या गांवीं राहतात. खाणकामाचें शिक्षण देण्यासाठीं १८७० सालीं निघालेली संस्था आज तेथें विद्यापीठ होऊन बसली आहे. जांवई तींत शिकवितात. गेल्या वसंतांत आम्ही उभयतां तेथें दोन महिने राहिलों होतों. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारीं या संस्थानांत टर्की नांवाच्या रानपक्ष्याच्या शिकारीचा मोसम सुरू होतो व तो तीन आठवडे चालतो. त्या दिवसांत वाण्याच्या दुकानापासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत गांवांत दुसरा विषय नसतो. ज्याच्या घरांत अंडेंहि येत नाहीं अशा माणसानें या विषयांत लक्ष कां घालावें, असें कोणी विचारील. त्याचें कारण आमचे शेजारी. त्यांची हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं पक्ष्याची ओळख करून दिली पाहिजे.

या पक्ष्याचें नांव म्हणजे भूगोलाच्या चुकांचें एक संग्रहालयच आहे. पक्षी अस्सल अमेरिकेचा. मेक्सिकोंत तो पूर्वींच माणसाळविलेला होता आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. इंग्रजांस वाटलें, हा तुर्कांच्या मुलखांतून आला. म्हणून तो टर्की. फ्रेंचांस वाटलें, हा हिंदुस्थानचा. म्हणून त्यांच्या भाषेंतील त्याच्या नांवांत ‘हिंद’ शिरला. डच लोकांनीं त्यास आपल्या मलबारांतील कालिकतचें नांव दिलें. खुद्द तुर्क त्यास ‘हिंदी’ म्हणतात, आणि पोर्तुगीज म्हणतात ‘पेरू’; आम्ही मात्र त्या शब्दानें फळ ओळखतों. हिंदुस्थानांत हा पक्षी आला तो गोव्याच्या वाटेनें. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याच्या पोर्तुगीजांकडून ज्या नवलाच्या वस्तु व प्राणी जहांगीर बादशहाकरितां आणिले, त्यांत टर्कीचा नर होता. बादशहानें त्याचें वर्णन आपल्या आत्मवृत्तांत केलें आहे. त्याच्या डोक्याचे व गळ्याचे रंग सरड्यासारखे क्षणोक्षणीं बदलतात, हें त्यानें बरोबर टिपलें. उस्ताद मन्सूर यानें काढलेलें त्याचें चित्र हल्लीं लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांत आहे. तें चित्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस या पक्ष्याची निराळी ओळख नको.

ओझार्कच्या रानांतून हा पक्षी एके काळीं जवळजवळ नाहींसा झाला होता. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत लांकडाच्या गिरण्यांनीं डोंगर उघडे केले, आणि मांसासाठीं बारमाही शिकार चालली. अखेर शिकार बंद करण्यांत आली. प्रथम खुराड्यांत वाढविलेले पक्षी रानांत सोडून पाहिले, पण ते जगले नाहींत. तेव्हां १९५४ पासून निराळी युक्ति काढली. पेक रँच नांवाच्या राखीव रानांत अस्सल रानटी पक्षी थोडेसे उरले होते. त्यांस दाणे टाकून एके जागीं जमवावयाचें, लहानशा तोफांच्या योगानें त्यांच्यावर जाळें उडवावयाचें, आणि पकडलेले पक्षी दुसऱ्या रानांत नेऊन सोडावयाचे. १९६० सालीं शिकारीचा मोसम पुन्हां उघडतां आला. या खटाटोपास पैसा कोठून आला, तीहि गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९३७ च्या एका कायद्यानें शिकारीच्या बंदुकांवरील व काडतुसांवरील कराचें उत्पन्न वन्य जीवांच्या संवर्धनाकडे लावून दिलें. म्हणजे मारणाऱ्यानेंच पोशिंदा व्हावें असा हा प्रकार! आमच्या शास्त्रकारांस हा तोडगा सुचला नसता. अलीकडे कित्येक संस्थानांत या पक्ष्याची संख्या पुन्हां उतरूं लागली आहे, व कांहींनीं नराला जोडीसाठीं अधिक सवड मिळावी म्हणून मोसम आठवडा-दोन आठवडे पुढें ढकलला आहे.

आतां शेजाऱ्यांकडे वळतों. गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. रोलाच्या आग्नेयेस व्हायबर्नम म्हणून भाग आहे. त्या बाजूच्या खाणींतून शिसें निघतें आणि या धंद्यांत सबंध देशांत तो अग्रेसर आहे. यांचा सर्व जन्म तेथें जमिनीखालीं गेला. बोलणें थोडें, हात मोठे, आणि शिस्त अशी कीं, अंगणांतील गवत कापण्याचें यंत्रसुद्धां काम झाल्यावर पुसून ठेवतील. एके संध्याकाळीं ओसरीवर बसलों असतां त्यांनीं मला गेल्या वर्षाची हकीकत सांगितली. पहांटेच्या अंधुक प्रकाशांत त्यांनीं एका नरावर बार टाकला. पक्षी कोलमडला, उठला, आणि पंख ओढीत कांटेरी जाळींत शिरला. दोन तास शोधूनहि सांपडला नाहीं. “मेला असता तर मला कांहीं वाटलें नसतें,” ते म्हणाले, “पण तो कोठें तरी कुजत पडला असेल, आणि तो माझ्या डोळ्यांमुळें. यंदा एकतर बंदुकीला नवा डोळा बसवीन, नाहींतर ती नातवाला देऊन टाकीन.” माझा मोतीबिंदु काढलेला आहे व भिंगांचा मला नाद आहे, हें त्यांस ठाऊक होतें. म्हणून दुकानीं जातांना त्यांनीं मला बरोबर घेतलें.

येथें वाचकांच्या मनांत एक शंका येईल. जिच्यांतून छर्रे उडतात ती बंदूक. एक ना एक छर्रा लागणारच, मग नेम इतका कशाला? उडत्या लाव्यावर बार टाकतांना हें कांहीं अंशीं खरें आहे. टर्कीची गोष्ट वेगळी. हा पक्षी पांच-दहा शेर वजनाचा, अंगावर पिसांचें दाट चिलखत आणि छातीवर मांसाचा जाड थर. अंगावर बसलेले छर्रे त्यास जखमी करतात, मारीत नाहींत. त्यास तत्काळ मारावयाचें तर छर्रे डोक्यांत व मानेच्या मणक्यांतच बसले पाहिजेत. म्हणून या शिकारीच्या बारा बोरच्या बंदुकीचें तोंड मुद्दाम आवळलेलें असतें. (बारा बोर म्हणजे नळींत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी केली असतां एका पौंडांत बारा गोळ्या होतील एवढ्या रुंदीची नळी. हा हिशेब शाळेंत असतांना मला कोणीं सांगितला नव्हता.) तोंड आवळल्यामुळें छर्रे एकत्र राहतात. ४० वारांवर १० इंच व्यासाच्या वर्तुळांत निदान शंभर छर्रे पडावे, असें येथल्या शिकाऱ्यांचें जुनें प्रमाण आहे. आणि १० वारांवर? तेथें तोच घोळका मुठीएवढा असतो. म्हणजे दूरवर चुकलें तर पक्षी जखमी होतो, व जवळ चुकलें तर एकहि छर्रा लागत नाहीं.

आमच्या शेजाऱ्यांच्या जुन्या बंदुकीला नळीच्या टोंकाशीं पितळेचा एक मणी होता. आपल्याकडे यालाच बंदुकीची माशी म्हणतात. माशीवरून नेम धरावयाचा म्हणजे डोळ्यानें तीन ठिकाणें एकदम पाहावयाचीं: नळीची मागची बाजू, तीन फुटांवरची माशी, आणि चाळीस वारांवरचा पक्षी. तरुण डोळ्यांतील भिंग लवचिक असतें. तें क्षणांत जवळचें व क्षणांत दूरचें पाहून मनाची फसवणूक करतें. चाळिशी लागली कीं ती लवचिकता जाते. मग माशी स्पष्ट दिसली तर पक्षी धुरकट, आणि पक्षी स्पष्ट दिसला तर माशीच्या जागीं पिवळा ढग. शिवाय पक्षी नीट दिसावा म्हणून म्हातारा माणूस नकळत गाल दस्त्यावरून उचलतो; डोकें वर गेलें कीं बारहि पक्ष्याच्या वरून जातो. गेल्या वर्षीं नेमकें काय झालें हें दुकानदारानें दोन प्रश्नांत ओळखलें.

दुकान मोठें होतें. एका भिंतीला गळ टांगलेले, दुसऱ्या भिंतीला पक्ष्यांचे आवाज काढण्याच्या लांकडी पेट्या, आणि मध्यें कांचेच्या कपाटांत दर्शकांची रांग. प्रथम दाखविला तो सर्वांत स्वस्त. त्यांत हिरव्या-तांबड्या प्लॅस्टिकच्या बारीक काड्या असतात. त्या आजूबाजूचा उजेड गोळा करून टोंकांशीं चकाकतात. बॅटरी नको, मोडण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु जुनी तीन ठिकाणांची अडचण कायमच. फक्त माशी चकचकीत झाली इतकेंच. तरुण माणसास मी हाच घ्यावयास सांगेन.

शेजाऱ्यांचें मन दुर्बिणीकडे ओढत होतें. थोड्या वाढीची दुर्बीण बंदुकीवर बसविली तर पक्षी मोठा दिसेल, हें कोणासहि पटण्यासारखें आहे. माझाहि कौल आरंभीं तिकडेच होता. दुकानदारानें तिच्या तीन उणीवा सांगितल्या. दुर्बिणींतून दिसण्यास डोळा तीन-चार इंचांच्या ठराविक अंतरावर नेमका धरावा लागतो; मांडी घालून, झाडाला टेकून, अंग वळवून बसलेल्या माणसास तें नेहमीं साधत नाहीं. दुसरें, पक्षी दहा वारांवर आला म्हणजे दुर्बिणींत नुसतीं पिसें दिसतात, डोकें कोठें तें शोधावें लागतें. तिसरी गोष्ट सांगतांना त्याचा आवाज बदलला. बंदुकीवर दुर्बीण असली कीं माणूस तिच्यांतून सहज इकडे तिकडे पाहूं लागतो, आणि झुडुपांत हललें तें काय, हें पाहतांना भरलेली बंदूकच तिकडे वळलेली असते. झुडुपांत कदाचित् दुसरा शिकारी असेल! पाहावयास निराळी दुर्बीण गळ्यांत बाळगावी. बंदूक ही पाहण्याची वस्तु नव्हे. तिसरें कारण ऐकतांच शेजाऱ्यांनीं दुर्बीण खालीं ठेवली. मला तीं पहिलीं दोन कारणें सांगितलीं नसतीं तरी चाललें असतें.

मग निघाला तो तांबड्या ठिपक्याचा दर्शक. त्याची रचना मला फार आवडली, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. एका लहानशा चौकटींत किंचित् वक्र कांच उभी असते. तिच्या मागें, खालच्या अंगास, मोहरीहून लहान असा तांबडा दिवा असतो. कांचेवर असा पातळ लेप दिलेला असतो कीं, तो इतर प्रकाश आरपार जाऊं देतो व तांबडा तेवढा परत फिरवितो. दिवा त्या वक्र कांचेच्या नाभीवर ठेवलेला असल्यामुळें परत येणारे किरण समांतर होतात. समांतर किरण म्हणजे डोळ्याच्या दृष्टीनें फार दूरवरून आलेले किरण. परिणाम असा कीं, ठिपका कांचेवर नसून पक्ष्याच्याहि पलीकडे कोठें तरी तरंगत आहे असा भास होतो. डोळ्यानें एकट्या पक्ष्याकडे पाहावें. ठिपका आपोआप स्पष्ट असतो. तीन ठिकाणांचीं दोन, आणि दोहोंचें एकच झालें! शिवाय डोकें थोडें वर-खालीं झालें तरी ठिपका बहुधा जेथें छर्रे जाणार तेथेंच राहतो. पुष्कळांची समजूत असते कीं, हा दिवा पक्ष्याच्या अंगावर तांबडा किरण टाकतो. तसें नाहीं, पुढें कांहींच जात नाहीं, ठिपका दिसतो तो फक्त नेम धरणाऱ्यास.

ही कल्पना आजकालची नाहीं. डब्लिनचे दुर्बिणी करणारे हॉवर्ड ग्रब यांनीं १९०० सालीं तिचें पेटंट घेतलें. ग्रब हें नांव पुण्याच्या जुन्या लोकांस अगदींच परकें नसावें. विज्ञान महाविद्यालयांत नायगांववाला यांनीं चालविलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेंतील मोठी दुर्बीण ग्रबच्याच कारखान्याची होती. १९१२ सालीं वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. विजेच्या दिव्याचा टिकाऊ ठिपका मात्र स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनें १९७५ सालीं प्रथम बाजारांत आणला.

ठिपक्याचा आकार किती घ्यावा, यावर दुकानांत बराच खल झाला. तो ज्या मापानें मोजतात तें ऐकून मी चकित झालों. अंशाचा साठावा भाग, म्हणजे आपल्या ज्योतिषांतील कला! एक कला १०० वारांवर सुमारें एक इंच झांकते. तीन कलांचा ठिपका ४० वारांवर सव्वा इंच झांकील. आठ कलांचा घेतला तर तो सव्वातीन इंचांहून अधिक झांकील, म्हणजे पक्ष्याचें डोकें त्याच्या आड जाईल. मीं कागदावर आणखी एक त्रैराशिक मांडलें. दहा इंचांचें तें छऱ्यांचें वर्तुळ ४० वारांवरून २४ कलांचें दिसतें, आणि सूर्याचें बिंब आहे ३२ कलांचें. म्हणजे ज्या बंदुकीविषयीं लोक समजतात कीं, ती वाटेल तेथें छर्रे उधळते, तिचा घोळका चाळीस वारांवर सूर्यबिंबाच्या तीन चतुर्थांशाएवढाच! शेजाऱ्यांनीं तो कागद घडी करून खिशांत ठेवला. ठिपका तीन कलांचा घ्यावयाचें ठरलें.

परंतु नेम धरून पाहतांच ते म्हणाले, “हा ठिपका नाहीं, हा स्वल्पविराम आहे.” त्यांच्या डोळ्याच्या बाहुलीपुढील पडद्याची वक्रता सर्व बाजूंनीं सारखी नाहीं, अशा डोळ्यास प्रकाशाचा बिंदु फांटे फुटलेला दिसतो. दोष डोळ्याचा कीं यंत्राचा, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. दुकानदारानें खिशांतील टेलिफोननें कांचेंतून छायाचित्र घेतलें. त्यांत ठिपका गोल होता. मग शेजाऱ्यांस वाचण्याचा चष्मा काढून लांबचा चष्मा लावावयास सांगितलें व ठिपक्याचें तेज उतरविलें. फांटे पुष्कळ कमी झाले. ज्यांस एवढ्यानें भागत नाहीं त्यांच्यासाठीं लोलकाचे दर्शक मिळतात; त्यांत खूण कांचेवरच कोरलेली असल्यामुळें ती बऱ्याच अंशीं नीट दिसते, पण डोळा ठराविक जागीं धरण्याची अडचण थोडी परत येते. तेज कमी ठेवण्याचें आणखी एक कारण आहे. पहांटेच्या काळोखांत प्रखर ठिपका पक्ष्यालाच गिळून टाकतो.

शेवटची परीक्षा मला फारच मार्मिक वाटली. बंदूक रिकामी आहे हें तिघांनीं पाहिल्यावर दुकानदारानें त्यांस डोळे मिटावयास सांगितले. मिटल्या डोळ्यांनीं बंदूक खांद्याला लावावयाची, गाल दस्त्यावर टेकावयाचा, आणि मग डोळे उघडावयाचे. ठिपका दिसला तर दर्शक योग्य उंचीवर. शोधावा लागला तर नाहीं. पहिला दर्शक उंच बसला होता, त्यामुळें गाल अधांतरीं राहून हनुवटी टेकावी लागे. दुसरा ठेंगणा बसविला, आणि डोळे उघडतांच त्यांच्या चेहऱ्यावर जें उमटलें त्यावरून मला विचारावें लागलें नाहीं. किंमती शंभर डॉलरपासून पांचशेंच्याहि वर होत्या. त्यांनीं मधला घेतला. जुन्या बंदुकीला तो बसविण्यास वरच्या अंगास चार भोकें पाडून आटे पाडावे लागले. तें काम कारागिराकडे दोन दिवस होतें.

दर्शक बसला म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. पुढच्या शनिवारीं गांवाबाहेरच्या एका ओसाड खाणींत आम्ही गेलों. मागें मातीचा उंच बांध, पुढें चाळीस वारांवर मोठा कागद, व त्यावर पक्ष्याचें डोकें व मान छापलेली. द्रोणाचार्यांनीं परीक्षेसाठीं झाडावर ठेवलेला पक्षीहि कारागिरांकडून करवून घेतलेला होता, ही गोष्ट अर्जुनाची कथा सांगतांना लोक विसरतात. गुरूनें जिवंत पाखरावर शिष्यांचे हात बसूं दिले नाहींत. प्रथम हलक्या काडतुसांनीं जवळून अंदाज घेतला. मग खरें काडतूस. त्याचा धक्का असा कीं, शेजाऱ्यांसारखा धिप्पाड गडीहि वीतभर मागें सरला. छऱ्यांचा घोळका सहा इंच वर व दोन इंच उजवीकडे पडला होता. दर्शकास दोन लहान मळसूत्रें असतात; एकेक ‘कट्’ आवाजास ठिपका एक कला सरकतो. चाळीस वारांवर कला म्हणजे इंचाच्या चार दशांशांहून किंचित् अधिक. मीं हिशेब केला: एका मळसूत्राचे चौदा व दुसऱ्याचे पांच. पुढचा बार मानेच्या मध्यावर पडला. हल्लीं टंगस्टनचे छर्रे निघाले आहेत. ते शिशाहून दीडपटींवर जड, म्हणून बारीक असूनहि दूरवर जोर राखतात. शेजाऱ्यांनीं ते घेण्याचें साफ नाकारलें. जन्मभर शिसें खणलें, आतां उतारवयांत दुसऱ्या धातूच्या दारीं जाणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. दुकानदार हंसला, पण मला तें पटलें.

मोसमाच्या पहिल्या दिवशीं त्यांनीं मला बरोबर नेलें. निघण्यापूर्वीं माझ्या खिशांतला पांढरा रुमाल काढून घेतला. नराचें डोकें तांबडें, पांढरें व निळें असतें. रानांत त्यांतला कोणताहि रंग अंगावर नसावा, नाकाला रुमाल लावणाऱ्या माणसावरहि बार पडलेले आहेत. मला एक मातकट फडकें मिळालें. काळोखांत एका जाड ओकच्या बुंध्याला पाठ टेकून आम्ही बसलों. समोर एक डॉगवुड फुललेला होता. तो बरोबर चाळीस वारांवर आहे, हें त्यांनीं आदल्या दिवशीं पावलांनीं मोजून ठेविलें होतें.

तांबडें फुटूं लागलें आणि ओढ्याकाठच्या उंच झाडांवरून नराची आरोळी आली. शेजाऱ्यांनीं लांकडी पेटीवर मादीचा आवाज काढला. येथें मला राहवेना. वाल्मीकीच्या डोळ्यांदेखत निषादानें क्रौंचाच्या जोडीतला नर मारला तो असाच जोडीच्या काळांत, आणि येथें तर मादीच्या आवाजानेंच त्यास बोलावितात! मागें एकदां मीं हें त्यांस विचारलें होतें. त्यांचें उत्तर असें: एक नर अनेक माद्यांस पुरतो, वसंतांत दाढीवाले तेवढेच मारावयाचे, आणि तोंवर पुष्कळ माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात. (छातीवर केसांसारख्या पिसांची शेंडी लोंबते, तिला ते दाढी म्हणतात.) हिशेब म्हणून उत्तर बरोबर असेल. वाल्मीकीचा प्रश्न हिशेबाचा नव्हता. पण तोच वाल्मीकि गेल्या वर्षीच्या जाळींत शिरलेल्या पक्ष्यासाठींहि रडला असता, आणि त्याच्यासाठीं रात्रीं जागणारा हा माणूस माझ्याजवळ बसला होता.

नर आला. डॉगवुडच्या पलीकडे, पन्नास-पंचावन्न वारांवर, त्यानें पिसारा उभा केला. जहांगीर बादशहाचें वर्णन मला डोळ्यांनीं दिसलें. तांबडें डोकें पाहतां पाहतां पांढरें झालें, गाल निळे झाले. बंदूक खांद्याला लागलेली, शेजाऱ्यांचा गाल दस्त्यावर स्थिर. बोट मात्र चापाच्या बाहेर होतें. दहा मिनिटें तो तेथेंच नाचला, झाडाच्या अलीकडे आला नाहीं, आणि उतारावरून निघून गेला.

“ठिपका डोक्यावर होता ना?” मीं विचारलें.

“होता. हालत सुद्धां नव्हता.”

“मग?”

“ठिपका छर्रे कोठें जातील तें सांगतो. पोंचल्यावर त्यांत किती जोर उरेल, तें तो सांगत नाहीं. तें त्या झाडानें सांगावयाचें.”

पुढें तीन दिवस पाऊस होता. पांचव्या दिवशीं ते एकटेच गेले, व आठाच्या सुमारास त्यांची गाडी परत आल्याचा आवाज ऐकूं आला. मी अंगणांत गेलों. एकच बार, सव्वीस पावलांवरून. पक्षी होता तेथेंच पडला, पंखसुद्धां फडफडले नाहींत, असें ते म्हणाले. पाठीचीं पिसें उन्हांत तांब्यासारखीं व मध्येंच हिरवीं चमकत होतीं. डोक्याचा रंग उतरून गेला होता. रात्रीं दहाच्या आंत शिकारीची वर्दी टेलिफोननें सरकारांत द्यावी लागते, ती त्यांनीं उभ्या उभ्याच दिली. मीं घरीं येऊन स्नान केलें. जांवई हंसले, आमच्या मंडळी हंसल्या नाहींत.

संध्याकाळीं नात मला ओढीत पुन्हां तिकडे घेऊन गेली. शेपटीचीं पिसें पंख्यासारखीं फळीवर ताणून सुकत ठेविलीं होतीं. तिनें तीं मोजलीं, अठरा भरलीं. शेजारी बांकावर बसून नळी पुसत होते. दर्शकाचा दिवा मालवलेला होता. नळी पुसून झाल्यावर त्यांनीं पेन्सिल काढली आणि फळीच्या मागें साल लिहून त्याखालीं २६ हा आंकडा घातला.